०.०२ सेकंदांत फोकस: दशावताराच्या रात्री हा आकडा कितपत उपयोगाचा?

तांबळडेगचा मास्तर

नमस्कार मंडळी. नवा कॅमेरा घ्यावा की नाही, यावर सल्ला हवा आहे. प्रश्न जरा लांब आहे, कारण नुसतं ‘कुठला घेऊ’ असं विचारलं की उत्तरंही मोघम येतात.

मी देवगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दिवाळी झाली की आमच्याकडे जत्रा सुरू होतात आणि जत्रा म्हटली की रात्री दशावतार. सुट्टीच्या आदल्या दिवशी जवळपास जिथे नाटक असेल तिथे मी जातो आणि फोटो काढतो. हौस आहेच, पण नुसती हौस नाही. आमच्या भागातले काही कलाकार आता सत्तरीच्या पुढे गेलेत. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, आणि संवाद रंगमंचावर उभ्याउभ्या सुचत जातात. पहाट झाली की ते नाटक संपलं, पुन्हा तसंच होत नाही. स्वतःच्या हाताने रंगवलेला चेहरा, डोळ्यांची फेक, बाकड्यावर बसलेला राजा उठून उभा राहतो तेव्हाचा त्याचा रुबाब, हे सगळं नीट टिपून ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या घरी भिंतीवर लावायला चांगले फोटो नाहीत. मी छापून नेऊन देतो, तेव्हा ते बराच वेळ हातात धरून बसतात.

माझ्याकडे २०१४ साली बाजारात आलेला, खिशात मावणारा कॅमेरा आहे. एक इंची सेन्सर, लेन्स २४ ते ७० मिलिमीटर, एफ १.८ ते २.८ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो). फोकस कॉन्ट्रास्ट पद्धतीचा. मोठा कॅमेरा मला नको. मी देवळाच्या अंगणात लोकांमध्ये मांडी घालून बसतो, मागच्या म्हाताऱ्यांना आडवं येऊन चालत नाही. पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायची मासेमारी, असली तर तोच कॅमेरा खिशात टाकून गुडघाभर पाण्यात उतरतो. मोबाइल दिवसा पुरतो. रात्री जवळचा चेहरा घ्यायला गेलं की डोळ्यांतला जीव जातो, सगळं पुसून गुळगुळीत केल्यासारखं दिसतं.

आता अडचण सांगतो. युद्धाच्या प्रसंगात दोघे तलवारी घेऊन गिरक्या घेत पुढे येतात. मी शटर दाबतो आणि कॅमेरा मागचा पडदा पकडतो. पडद्यावरचा राजवाडा रेखीव, कलाकार मऊ. झूम ७० वर नेली तर फोकस मागेपुढे फिरत राहतो, स्थिर होईपर्यंत तो भाव निघून गेलेला असतो. रापणीचंही तेच. जाळ्याचा घोळ काठाला लागतो, तारली उसळते, सगळे एकदम वाकतात. ते वाकणं हवं असतं आणि हाती लागतं ते वाकून झाल्यानंतरचं.

माझा पुतण्या पुण्यात असतो, तो दर आठवड्याला एक लिंक पाठवतो. सोनीच्या आरएक्स१०० चं सातवं मॉडेल, फोकस ०.०२ सेकंदांत, सेन्सरवर फोकसचे ३५७ बिंदू, डोळा ओळखून त्याचा पाठलाग. मग कॅननचा २०२५ मध्ये आलेला व्ही१. मग फुजीचा एक्स१००-सहावा, ज्यासाठी लोक महिनोन्‌महिने नंबर लावून थांबले. त्या व्हिडिओंत एक मुलगा कॅमेऱ्याकडे धावत येतो आणि हिरवा चौकोन त्याच्या डोळ्याला चिकटून राहतो. ते पाहिलं की रात्री झोपताना वाटतं, गेल्या हंगामातले किती चेहरे आपल्या हातून गेले, हा कॅमेरा असता तर राहिले असते. हे वाटणं जोरदार आहे, म्हणूनच विचारतोय. पैशांची सोय होईल, पण एकदाच होईल.

तर प्रश्न असे. ०.०२ सेकंद म्हणजे नेमकं काय मोजलेलं असतं? देवळाच्या अंगणातल्या दिव्यांत तो वेग राहतो का? आणि माझ्या अडचणीला औषध फोकसचा वेग हेच आहे का, की मी भलत्याच ठिकाणी बघतोय? रात्री साधारण एफ १.८, शटर १/१२५ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर असतो, युद्धात कधी १/६० वर यावं लागतं.

रत्नागिरीचा स्टुडिओवाला

मास्तर, आकडे दिलेत ते बरं केलंत. त्यावरून बरंच सांगता येतं.

आधी ०.०२ बद्दल. जाहिरातीत या आकड्याशेजारी बारीक तारा असतो आणि पानाच्या तळाला बारीक अक्षरात अटी असतात. हे माप कंपनीने स्वतःच्या प्रयोगशाळेत, ठरलेल्या पद्धतीने घेतलेलं असतं. लेन्स सगळ्यात रुंद बाजूला, फोकस मधल्या भागावर आणि उजेड ईव्ही १४.७ (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप). म्हणजे जवळजवळ भर दुपारचं लख्ख ऊन. आकडा खोटा नाही. त्या अटींत तो कॅमेरा खरंच तेवढ्या वेळात फोकस बांधतो.

आता तुमचं अंगण. एफ १.८, १/१२५, आयएसओ १६०० याचा हिशेब ईव्ही ५ च्या जरा खालीच येतो. प्रत्येक ईव्हीला उजेड निम्मा होतो. १४.७ वरून ५ वर आलात की उजेड आठशे पटींहून जास्त घटतो. ज्या उजेडात ०.०२ मोजला आणि ज्या उजेडात तुम्ही बसता, त्यांच्यात एवढी दरी आहे. तिथे काय वेग मिळतो ते त्या पानावर लिहिलेलं नसतं.

दुसरं म्हणजे आपलं बोट. डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात, तरुणालाही. सोनीच्या त्याच मालिकेत २०१६ च्या पाचव्या मॉडेलचा दावा ०.०५ होता, २०१८ च्या सहाव्याचा ०.०३, २०१९ च्या सातव्याचा ०.०२. पाचव्यावरून सातव्यावर गेल्याने वाचले ०.०३ सेकंद. तुमच्या बोटालाच त्याच्या सहा-सातपट वेळ लागतो. ही शर्यत जुनी आहे. खिशातल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच फेज-डिटेक्शनचे (ही फोकसची पद्धत पुढे सांगतो) बिंदू पहिल्यांदा बसवले फुजीने, २०१० च्या एफ३००ईएक्सआरमध्ये, दावा ०.१५८. २०१३ च्या एक्स१००एसचा ०.०८. पॅनासॉनिकच्या २०१४ च्या एलएक्स१०० चा ०.१४. दरवेळी जगात सगळ्यात वेगवान अशी पाटी लागते, आणि दरवेळी जुन्या कॅमेऱ्यात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागतं. तुम्हाला रात्री जे वाटतं, ते वाटावं म्हणूनच ती पाटी असते.

पण पद्धतीतला फरक खरा आहे, तो आकड्यापेक्षा महत्त्वाचा. कॉन्ट्रास्ट पद्धतीत कॅमेऱ्याला एवढंच कळतं की आत्ता चित्र रेखीव आहे की नाही. कुठल्या बाजूला जायचं हे कळत नाही. म्हणून तो लेन्स हलवून बघतो, पुढे जातो, चुकलं की मागे येतो. तुम्ही म्हणता ते मागेपुढे फिरणं हेच. शिवाय त्याला ठळक रेघा लागतात. पडद्यावर रंगवलेल्या राजवाड्यात त्या भरपूर, हलणाऱ्या चेहऱ्यावर कमी. फेज पद्धतीत प्रकाश लेन्सच्या दोन बाजूंनी कसा येतो ते ताडून कॅमेऱ्याला दिशा आणि अंतर दोन्ही एकदम कळतं, म्हणून तो थेट जातो आणि पुढे येणाऱ्या माणसाच्या मागे राहू शकतो. तुमच्या कामाला हे लागेल. ०.०२ नाही लागणार.

आता ज्याकडे पुतण्याचं लक्ष गेलेलं नाही ते. सातव्याची लेन्स २४ ते २००, पण एफ २.८ ते ४.५. तुमची रुंद बाजूला १.८. म्हणजे सातव्यात त्याच जागी आत येणारा प्रकाश जवळजवळ अडीचपट कमी. आज १६०० वर निघणारा फोटो ४००० वर काढावा लागेल. झूम केलीत की आणखी वर. फोकस लवकर बसेल, पण ज्या चेहऱ्यासाठी एवढा खटाटोप त्याच्यावर दाणे येतील. तुमच्यासारख्या रात्री काम करणाऱ्याने फोकसच्या ओळीआधी लेन्सची ओळ वाचावी.

काही करण्याआधी गेल्या हंगामातले वाया गेलेले फोटो मोठे करून बघा आणि दोन ढीग करा. कलाकाराची कड एका दिशेला ओढल्यासारखी पुसली असेल तर दोष शटरचा, फोकसचा नाही. १/६० वर गिरकी थांबतच नाही, जगातला कुठलाही फोकस ती थांबवू शकत नाही. चेहरा सगळीकडून सारखा मऊ आणि पडदा टोकदार असेल तर मात्र फोकस चुकला. ढीग किती उंच होतात त्यावर उत्तर आहे.

आणि एक करून बघा, पैसे लागत नाहीत. तुमच्या सेन्सरवर २४ मिलिमीटरची बाजू म्हणजे प्रत्यक्षात ८.८ मिलिमीटरची लेन्स. एवढ्या छोट्या लेन्सने एका वेळी रेखीव येणारी खोली फार असते. मॅन्युअल फोकस ४ मीटरवर ठेवून एफ १.८ लावलात तर साधारण २ मीटरपासून पार मागच्या माडापर्यंत सगळं चालण्याजोगं रेखीव येतं. रापणीला उजेड वाढल्यावर एफ ४ वर पावणेदोन-दोन मीटरला ठेवा, हाताच्या अंतरापासून क्षितिजापर्यंत चालेल. फोकस करायचाच नाही म्हटल्यावर त्याचा वेळही जात नाही. ७० वर हे इतकं सैल राहत नाही, पण तिथेही एफ २.८ ला ४ मीटरवर बांधलात तर सुमारे ३.४ ते ४.९ मीटर एवढा पट्टा मिळतो. आपल्याकडच्या रंगमंचाची खोली तरी किती असते? मोठी प्रिंट काढणार असाल तर या पट्ट्यातला मधला भागच धरा.

रिकोच्या जीआर कॅमेऱ्यात यासाठी स्नॅप फोकस म्हणून सोयच आहे, बटण एका दमात खाली दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, आधी ठरवलेल्या अंतरावर फोटो घेतो. रस्त्यावर फोटो काढणारे लोक त्याच्यावर जीव टाकतात ते यामुळेही.

हर्णैची

वरचं सगळं पटलं, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे आणि ते सांगायलाच हवं, नाहीतर सर पाठलाग करणारा फोकस म्हणजे नुसती जाहिरात असं समजतील.

माझ्याकडे सातवा आहे. मी पक्ष्यांसाठी घेतला. थंडीत बंदरावर कुरवांचे थवे उतरतात. मासळीचा लिलाव सुरू झाला, टोपल्या उलटल्या की ते माणसांच्या डोक्यावरून झेपावतात. २०० मिलिमीटरवर उडता कुरव म्हणजे अंतर क्षणाक्षणाला बदलतं. तिथे ४ मीटर, ५ मीटर असं बांधून काहीच होत नाही. एकदा पक्षी चौकोनात आला की कॅमेरा त्याला धरून ठेवतो आणि मी फक्त हात फिरवते. आधीच्या कॅमेऱ्याने जे फोटो मला कधी मिळाले नसते ते मिळाले. तेव्हा ०.०२ बाजूला ठेवा, पण पाठलाग ही खरी गोष्ट आहे, तिने माझं काम बदललं. दादांनी दोन्ही एका पारड्यात टाकू नयेत.

मात्र माझं काम उजेडातलं. संध्याकाळचा लिलाव लांबला, सुवर्णदुर्गाच्या मागे सूर्य गेला की मी झूम मागे घेते, रुंद बाजूलाच राहते आणि आयएसओ वर चढलेला चालवून घेते. सरांची तर सुरुवातच त्या वेळेनंतर होते.

दुसरं, खारं वारं. या जातीच्या खिशातल्या कॅमेऱ्यांना पाण्या-धुळीपासून संरक्षण नसतं. एक्स१००-सहाव्यालासुद्धा पुढे वेगळी रिंग आणि फिल्टर लावल्यावरच ते पूर्ण होतं, आणि तो शर्टाच्या खिशात मावणारा नाही, अर्धा किलोच्या वर आहे. लेन्स आत-बाहेर होते तेव्हा बारीक वाळू बरोबर आत जाते. सर, तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरता हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी किनाऱ्यावर लेन्स एकदाच उघडते आणि निघेपर्यंत मिटत नाही, मिटताना आधी फुंकणीने वाळू उडवते. घरी आल्यावर ओलसर फडक्याने पुसून तांदळाच्या डब्यात नाही, सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. तांदळाची भुकटी आत जाते. पावसाळ्यात सिलिका जेल दर पंधरवड्याला तव्यावर हलकं गरम करून कोरडं करावं लागतं, नाहीतर नुसते खडे सांभाळल्यासारखं होतं. नवा महागडा कॅमेरा घेतलात तर तो पाण्यात न्यायचा धीर होईल का, याचाही विचार करा. मला होत नाही. बैलगाड्या मासे आणायला पाण्यात जातात तेव्हा मी काठावरच थांबते, ते फोटो माझ्याकडे नाहीत.

पेटारो

मास्तरांनू, मी फोटोवालो नाय, दशावतारात काम करतंय. राजपार्ट, कधी राक्षस. तुमचा वाचलंय आणि सांगूचासा वाटला.

गिरकी कधी थांबतली ता पखवाज आधी सांगता. पखवाजवाल्यान हात चढवूक सुरुवात केली काय समजूचा, आता गिरकी येतली. शेवटची थाप पडली काय आमी पाय रोवून उभे रवतो आणि तोंड लोकांकडे करतो. त्या वक्ताक तलवार वर आसता, डोळे मोठे आसतत. थंय फोटो काढा. आणि युद्धात दोघे एकदा भिडतत, मगे फिरतत, मगे परत भिडतत. पयल्या वेळेक जागा बघून ठेवा, दुसऱ्या वेळेक थंयच येतले. आमची जागा ठरलेली आसता, बाकड्याच्या अंदाजान आमी फिरतो.

एक विनंती आसा. फ्लॅश कोणी मारू नये. डोळ्यांपुढे अंधार येता आणि हातात तलवार आसता.

तुमी आमच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो छापून घराक नेवन देतास, ह्या वाचून बरा वाटला.

तांबळडेगचा मास्तर

सगळ्यांचे आभार. तुम्ही सांगितलेलं करून बघितलं, मगच लिहितोय.

ढीग केले. युद्धाचे वाया गेलेले फोटो बहुतेक सगळे १/६० चे आणि कडा एका दिशेने ओढलेल्या. पडदा रेखीव म्हणून मी आजवर फोकसकडे बोट दाखवत होतो, पण पडदा हलत नाही म्हणून रेखीव आणि माणूस फिरतोय म्हणून पुसलेला, असं त्यातल्या पुष्कळांत दिसतंय. फोकस खरोखर चुकलेले फोटो वेगळेच आहेत. ते ७० वरचे, जवळचे चेहरे. संवाद चालू असताना कलाकार हळूच मान वळवतो, त्या वेळचे.

मोबाइलवर स्टॉपवॉच लावून त्याचेही फोटो काढले. पाच सेकंद दिसले की बटण दाबायचं आणि फोटोत कुठला आकडा आलाय ते बघायचं. वर्गाची दारं-खिडक्या लावून, एका बल्बच्या उजेडात. कॅमेऱ्याला फोकस शोधू दिला की अर्ध्या सेकंदाहून जास्त जातं. फोकस आधीच बांधून ठेवला की पाव सेकंदाच्या अलीकडे-पलीकडे, आणि त्यातही बराचसा वेळ माझ्या बोटाचाच असणार. गेल्या रविवारी पहाटे रापणीवर एफ ४ लावून दोन मीटरवर बांधून गेलो. माणसं वाकलेलीच आली, वाकून झाल्यावरची नाहीत. एकाच्या हातातून निसटलेला बांगडा हवेत आहे. ही अडचण माझ्यापुरती संपली.

पेटारो, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, थाप पडल्यावरची ती मुद्रा मी पुष्कळदा घेतली आहे आणि पुढच्या वेळी कान देऊन आणखी नीट घेईन. पण मला जे खुणावतं ते त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं. राजा रागावलेला असतो आणि समोरच्याने अनपेक्षित कोटी केली की क्षणभर राजाच्या आतला माणूस हसायला येतो, तो ते दाबतो आणि पुन्हा राजा होतो. किंवा स्त्री पार्ट करणारा विंगेत शिरता शिरता पदर सावरतो. याला पखवाज नाही. हे ७० वर, कमी उजेडात, हलत्या चेहऱ्यावर मिळवायचं असतं, आणि बांधलेल्या फोकसने अंदाज थोडा चुकला की डोळ्यांऐवजी कान रेखीव येतो. तेव्हा फेज पद्धत आणि डोळ्याचा पाठलाग मला हवाच आहे, हर्णैच्या ताई म्हणतात तसा. पण २०० मिलिमीटर नको आणि लेन्सचा उजेड सोडायचा नाही. असं काही आहे का?

रत्नागिरीचा स्टुडिओवाला

ताई, तुमचा मुद्दा मान्य. पक्ष्यांचं काम मी केलेलं नाही.

मास्तर, आहे. त्याच मालिकेतलं पाचवं मॉडेल आणि त्याची २०१८ ची सुधारित आवृत्ती पाच-ए. लेन्स तुमच्यासारखीच २४ ते ७०, एफ १.८ ते २.८, आणि सेन्सरवर फेजचे ३१५ बिंदू. डोळा ओळखणं त्यातही आहे, सातव्याइतकं हुशार नाही. टचस्क्रीन नाही. बॅटरी कमी, ठरलेल्या मोजणीत २२० फोटो, रात्रभराच्या नाटकाला दोन-तीन लागतील. पॉवर बँकेवर चार्ज होते. ‘नवा’ या शब्दासाठी दुकानात जे पैसे जातात ते इथे जाणार नाहीत, कारण तुम्हाला तो वापरलेलाच बघावा लागेल.

वापरलेला कोकणातला असेल तर डोळ्यांत तेल घालून बघा. अंधाऱ्या खोलीत लेन्सवर तिरकी बॅटरी मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, घेऊ नका. ही लेन्स निघत नाही, आत जाऊन पुसायचं काम खर्चिक आणि बेभरवशाचं. मग झूम पूर्ण बाहेर, पूर्ण आत. कुरकुर आवाज म्हणजे वाळू. मग एफ ११ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ. कोरड्या भागातला, घाटावरचा कॅमेरा मिळाला तर दोन पैसे जास्त द्या.

दिव्यांबद्दल एक राहिलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून बऱ्याचशा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. इलेक्ट्रॉनिक शटरवर धडाधड फोटो काढलेत की आडवे पट्टे येतात. रात्री मेकॅनिकल शटरच ठेवा, आणि पट्टे आलेच तर १/१०० वर या.

माझ्या ओळखीच्या एकाकडे पाच-ए पडून आहे, साताऱ्याचा माणूस आहे, कॅमेरा घाटावरच वापरलेला. महाशिवरात्रीला मी कुणकेश्वरला येतोय, त्याला विचारून तो बरोबर आणतो. विकत घ्यायचं आधी ठरवू नका. एक रात्र नाटकाला वापरा, तुमचाही कॅमेरा शेजारी ठेवा, दोन्हींवर तोच प्रसंग घ्या.

तांबळडेगचा मास्तर

जरूर आणा. जत्रेच्या गर्दीत राहायची सोय होणार नाही, आमच्याकडेच या, जेवणखाण इथेच. आसपास कुठल्या गावात त्या आठवड्यात नाटक आहे ते चौकशी करून इथेच कळवतो. पेटारो, तुमचा प्रयोग त्या दिवसांत देवगडच्या बाजूला असेल तर सांगा, तिथेच येतो.

पेटारो

तारीख घेवन सांगतंय. पुढे बसा, पडद्याच्या उजव्या अंगाक. आमचो म्हातारो त्या बाजून येता.